वानोळ्याचा भाव

दिंडोरीच्या एका बागाईतदाराशी माझा दहा वर्षांचा घरोबा होता. एका हंगामात त्याने शब्द मला दिला आणि द्राक्षं दुसऱ्याच व्यापाऱ्याला घातली. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. खरं सांगायचं तर तो राग अजून पुरता गेलेला नाही.

पुढच्या वर्षी त्याची बायको एस.टी.ने नाशिकला आली आणि द्राक्षांची पाटी माझ्या ओट्यावर ठेवली.

"भाव काय?" मी तिरसटपणे विचारलं.

"वानोळ्याला भाव असतो व्हय, भाऊ? बागेतला पहिला तोडा हाय. घरच्या मानसांना द्यायचा."

माझी मुलगी इंग्रजी शाळेत होती. तिने विचारलं, "बाबा, वानोळ्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"सँपल," मी म्हणालो.

बाई हसली. "सँपल चाखून घासाघीस करत्यात. ह्याच्यावर करून दाखवा!"

जन्मभर घासाघिशीवर जगलेला मी पाटी उचलून आत घेऊन गेलो. पाटी रिकामी परत देऊ नये म्हणून माझ्या बायकोने तीत लाडू घातले. बाई निघाली तेव्हा मी म्हणालो, "त्याला चहाला पाठवा. मला भांडायचंय."