बायकांना न विचारता दिलेली वाईन

रविवारी दुपारी रिहे गावातल्या एका फार्महाऊसवर वाईन चाखायचा कार्यक्रम होता. पुतण्यानं हौसेनं आम्हा चौघांची नावं नोंदवली होती : आम्ही दोघं, दीर आणि जाऊबाई. पूर्वी भातखाचरं होती तिथं आता हिरवळ, पांढऱ्या छत्र्या आणि लांब टेबलं.

माहिती सांगणारा तरुण छान बोलत होता. उष्ण प्रदेशात द्राक्षांना भरपूर ऊन मिळतं, ती पुरती पिकतात, साखर वाढते, म्हणून तिथली रेड वाईन गडद आणि कडक होते, असं तो सांगत होता. स्पेन, दक्षिण इटली, ऑस्ट्रेलिया, आपलं नाशिक. मी कान देऊन ऐकत होते. माझं माहेर जुन्नरकडचं. द्राक्षांच्या मांडवाखाली लहानपण गेलं, पण वाईन कधी चाखली नव्हती.

मग त्यानं ओतायला घेतली. पुरुषांच्या ग्लासात शिराझ नावाची, जवळजवळ काळी दिसणारी रेड वाईन. आम्हा बायकांपुढे आधीच भरून ठेवलेले, गुलाबी, गोड वाईनचे ग्लास.

"आम्हाला ती नाही?" मी विचारलं.

"काकू, ती फार हेवी असते. तुम्हाला झेपणार नाही. लेडीजना हीच आवडते."

"कुणाला विचारलंत?"

तो हसला. ते हसणं मला फार लागलं. शेजारून नवऱ्यानं कोपर मारलं. "गप की. लोकं बघत्यात."

दोन बाळंतपणं झेपली. अंथरुणाला खिळलेले सासरे झेपले. मारुंजीच्या आमच्या खोल्यांतल्या भाडेकरूंशी रोजची भांडणं मीच करते. आणि द्राक्षाचे दोन घोट झेपणार नाहीत?

मी उठले, गुलाबी ग्लास त्याच्यापुढे ठेवला. "ही तुम्ही घ्या. मला ती द्या."

लहान मुलाला औषध द्यावं तशी त्यानं थेंबभर ओतली.

"अजून," मी म्हटलं.

पहिल्या घोटाला जीभ आखडली, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी. मग घशात ऊब उतरली आणि मागून मिऱ्याचा तिखटपणा आला. मला आवडली.

जाऊबाईंनी दिरांकडे एकदा पाहिलं आणि हात पुढे केला. "मलाबी बगू द्या." एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "न्हाई बाई, माजी गुलाबीच बरी."

त्यांनी चाखून ठरवलं. माझं तेवढंच तर म्हणणं होतं.

परतताना गाडीत नवरा म्हणाला, "येवढा तमाशा कशाला करायचा?"

"तमाशा त्या पोरानं केला."

मग तो हळूच म्हणाला, "पर लई कडक होती. मी अर्दा गिलास तसाच ठेवला."

म्हणजे झेपली नव्हती ती याला! आणि याला कुणी काही विचारलं नाही, कुणी हसलं नाही.

"मग तिथं का नाही बोललात?"

"मानसं काय म्हनली असती?"