ओट्यात हरवलेला चार्जर

मंडळी, आज बदलापूरच्या आमच्या घरात चक्क ओट्यात चार्जर हरवला!

नव्या पांढऱ्या ओट्याच्या दगडाखाली उल्हासनगरच्या फिटरने सकाळी चार्जर बसवला. वर फोन ठेवला की चार्जिंग सुरू. नवऱ्याची अट एकच, "वर खूण नको, लुक जातो."

फिटर गेल्यावर मी ओट्यावरचा कुंकवाचा डाग घासून काढला. मग नवरा आणि मी अर्धा तास फोन इस्त्रीसारखा ओट्यावर फिरवत बसलो.

सासूबाई देवळातून आल्या. "अगं, नवी वस्तू म्हणून चार्जरच्या बरोबर वर दगडावर कुंकू लावलं होतं. तू पुसणार, हे ठाऊक होतं. माप घेऊन ठेवलंय." नळापासून दोन विती, चार बोटं मोजून त्यांनी पुन्हा कुंकू टेकवलं. फोन ठेवला, टिंग!

आत्ताच ऑफिसमधून नवऱ्याचा मेसेज आलाय, "ओटा पुसताना कुंकू जपून." लुकचं काय झालं, विचारू का?