दोन म्हणताच पळणारे पाय

वेल्डन ह्रुस्काच्या डोळ्यांत धूळ फेकणारा माणूस हॉलिस क्रीक गावात अजून जन्माला यायचा होता, असं निदान वेल्डनचं तरी मत होतं. बेकरीतून डझनभर कोलाचे, म्हणजे मध्ये गोड सारण भरलेले पाव, आणले की तो खोकं उघडून मोजायचा, आणि बरोबर बारा भरले तरी त्याचं समाधान होत नसे. जर्दाळूचे तीनच आणि खसखशीचे नऊ, असं का? दिवसा तो शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करी आणि दुपारी तीननंतर शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या पोराला, शिकवी. सव्वीस वर्षं हे चाललं होतं. अठ्ठ्याऐंशी साली सराव चालू असताना मैदानामागच्या खांबावर टेलिफोनचा कामगार चढलेला दिसला, तर त्याला शेजारच्या टार्व्हर गावचा हेर समजून वेल्डनने खाली उतरायला लावलं. अर्ध्या गावाचे फोन दुसऱ्या दिवसापर्यंत बंद राहिले. "तो हेर नव्हता हे सिद्ध कुठे झालं?" असं तो अजूनही विचारी.

एवढा संशय त्याच्या अंगात आला कुठून, तर गुडघ्यातून. एकसष्ट साली वेल्डन स्वतः क्वार्टरबॅक होता. पाच दांडगी पोरं चेंडू फेकणाऱ्याभोवती भिंत धरून उभी राहतात. तिच्या आत जी चार पावलांची जागा असते तिला पॉकेट म्हणतात, आणि त्याचं सगळं नशीब त्या जागेत ठरतं. डावीकडचा भिडू सर्वांत भरवशाचा लागतो, कारण उजव्या हाताने फेकणाऱ्याला डावीकडचं दिसत नाही. वेल्डनचा डावीकडचा भिडू डेल्बर्ट एका शुक्रवारी कमी पडला आणि वेल्डनचा डावा गुडघा कायमचा गेला. डेल्बर्टचाही आयर्मावर डोळा होता, म्हणून त्याने मुद्दाम वाट सोडली, असं वेल्डन तेहतीस वर्षं धरून बसला होता. पुढे आयर्माने लग्न वेल्डनशीच केलं, पण त्यामुळे त्याची शंका काही मिटली नाही.

चौऱ्याण्णव सालच्या त्या हंगामात त्याच्या हाताखाली केड लिंडमन होता. हात असा की पन्नास यार्डांवरून चेंडू तुमच्या छातीवर आणून ठेवील. पण पायांचं काय करावं ते कळत नव्हतं. पाच पावलं मागे जायचं, मागचा पाय रोवायचा, दाटी झाली तर एक पाऊल पुढे सरकून फेकायचं, हे त्याला झोपेतही येत होतं. सामन्यात मात्र पाय रोवले न रोवले तोच त्याच्या टाचा उचलल्या जात, डावा पाय वळे आणि हा पठ्ठ्या भिंत सोडून उजवीकडे पळत सुटे. मग मागच्या पायावर तोल टाकून फेकलेला चेंडू कुठे जाई ते देवालाच माहीत.

तेवढ्यावर भागलं असतं तर वेल्डनने पोराला भित्रा म्हणून सोडून दिलं असतं. पण गेले तीन सामने केड जिथे पळून जाई, तिथे समोरच्या संघाचा एक गडी आधीच येऊन उभा असे. पाहुण्याची वाट पाहावी तसा. तीनपैकी दोन सामने हातचे गेले. आता शुक्रवारी टार्व्हरशी गाठ होती आणि तिथे हरले की हंगाम संपला.

"कुठेतरी पाणी मुरतंय," वेल्डन मुख्य कोच बॉइड टॅकेटला म्हणाला. बॉइड त्याचाच जुना विद्यार्थी. "त्यांना आधीच कसं कळतं, पोरगं उजवीकडे येणार म्हणून? आणि ते उजवीकडे पळतं का? डावीकडून काहीतरी येताना दिसतं म्हणून. आता डावीकडे कोण उभा असतो ते तूच सांग."

"नेस्टर," बॉइड म्हणाला. "पण कोच, त्या पोराने वर्षभर एकालाही आत येऊ दिलेलं नाही."

"तेच म्हणतोय मी. इतका चांगला का वागतोय?"

नेस्टर व्हियारेआल शेवटच्या वर्षाला होता. त्याचा बाप रूबेन दोन वर्षांपूर्वी टार्व्हर सोडून इथल्या पेंडीच्या गिरणीत लागला होता, आणि चुलतभाऊ अजून टार्व्हरच्या संघात खेळत होता. वेल्डनला एवढं पुरेसं होतं. उरलंसुरलं शनिवारी सकाळी मिळालं.

शनिवारी सकाळी पुढच्या शत्रूला आपल्या सामन्याची कॅसेट द्यायची आणि त्याची घ्यायची, हा तिकडचा रिवाज. दोन गावांच्या मधल्या पेट्रोल पंपावर ही देवाणघेवाण चाले आणि हॉलिस क्रीकची कॅसेट घेऊन सव्वीस वर्षं वेल्डनच जाई, कारण दुसऱ्या कोणाच्या हाती ती द्यायला त्याचा जीव धजत नसे. त्या दिवशी तो पोचला तर टार्व्हरचा माणूस पंपाला टेकून हसत होता, आणि त्याच्याशी बोलत उभा होता रूबेन व्हियारेआल. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. वेल्डनला पाहून रूबेनने टोपीला हात लावला. चोर नेहमीच अदबीने वागतात, वेल्डनने मनाशी म्हटलं.

दुपारी तो बॉइडच्या घरी गेला आणि पाहिलेलं सगळं, वर थोडं न पाहिलेलंही, सांगून आला. बॉइडने नेस्टरला बोलावून घेतलं आणि शुक्रवारी तू बाकावर बसशील एवढंच सांगितलं. पोराने का म्हणून विचारलं, तर बॉइडला धड उत्तर देता आलं नाही. संध्याकाळपर्यंत मात्र ते उत्तर गावातल्या प्रत्येक दुकानात मिळत होतं.

रविवारी चर्चहून आल्यावर वेल्डन आपल्या सामन्याच्या कॅसेटची दुसरी प्रत लावून पुराव्याला बसला. शेजारी आयर्मा मांडीवर पातेलं घेऊन अक्रोडासारखे पेकान फोडत होती. पडद्यावर पाच पोरं भिंत धरत, केड मागे येई, टाचा उचली, पळे. वेल्डनने चित्र थांबवलं. नेस्टरने आपल्या माणसाला दोन्ही हातांनी कवटाळून ठेवलं होतं. डावीकडे चिटपाखरू नव्हतं. त्याने मागे नेऊन पुन्हा पाहिलं, मग दुसरा डाव, मग सातवा. एकदाही नेस्टरच्या बाजूने कोणी आलं नव्हतं. पोरगं कोणापासून पळत होतं मग?

"फार सफाईचं काम आहे," तो पुटपुटला. "काही म्हणजे काही सापडत नाही."

"नसेलच तर कसं सापडेल?" आयर्मा म्हणाली.

तो कॅसेट पार सुरुवातीपर्यंत मागे घेऊन गेला. कॅमेरा चालतो की नाही हे बघायला कोणीतरी गुरुवारच्या सरावातली दोन मिनिटं आधी टिपली होती. केड लाल सदऱ्यात होता. लाल सदऱ्याच्या पोराला सरावात कोणी हात लावायचा नाही, दुखापत परवडत नाही. म्हणून त्याच्या अंगावर धावून जायचं काम एक म्हातारा करत होता, हातात लांब दांड्याचा झाडू घेऊन. लंगडत, मोठ्याने मोजत. एक, दोन, आणि झाडू केडच्या डाव्या कानाशी. केड उजवीकडे पळाला. पुन्हा एक, दोन, झाडू. पुन्हा उजवीकडे.

"हा लंगडा तूच ना?" आयर्माने विचारलं. "दर वेळी त्याच बाजूने का येतोस रे?"

"दुसऱ्या बाजूने यायचं तर वळताना सगळा भार डाव्या गुडघ्यावर येतो."

"म्हणजे ऑगस्टपासून त्या पोराला एकाच बाजूने हाकतोयस."

वेल्डनने कॅसेट सामन्यावर नेली आणि केड मागे आल्याबरोबर मोजायला लागला. एक, दोन. पाय उचलले. पुढचा डाव. एक, दोन. उचलले. चौदा वेळा मोजलं आणि चौदाही वेळा दोनवर. कोणी पुढे येवो न येवो, पोरगं त्याच्या झाडूपासून पळत होतं. आणि हे ज्यात दिसत होतं ती कॅसेट दर शनिवारी शत्रूच्या हातात नेऊन देणारा माणूसही तोच होता. त्याला इतकी लाज वाटली की आयर्माकडे बघवेना.

"आता कुठे चाललास?" तिने विचारलं.

"व्हियारेआलकडे."

"बॉइडला फोन केला तरी चालेल की."

"बॉइडला मी काही चोर म्हटलं नाही."

रूबेन अंगणात कोंबड्यांची जाळी ताणत होता. नेस्टर खांब धरून उभा होता. वेल्डन फाटकाबाहेरच थांबला आणि आडवळण न घेता म्हणाला, "चूक माझी आहे. नेस्टरची काहीच नाही. काल मी बॉइडला तुमच्याबद्दल जे सांगितलं ते खोटं होतं. म्हणजे, मला खरं वाटत होतं."

रूबेनने तार पिळून पक्की केली. "काल पंपावर माझ्या हातात काय होतं ते विचारलंत तरी होतं का? टमाले होते, मक्याच्या पानात वाफवलेले, आईसाठी. ती अजून टार्व्हरलाच राहते. दर शनिवारी जातो मी. तो पंपावरचा माणूस तिचा शेजारी."

"नाही विचारलं."

"समोर दहा पावलांवर उभे होतात, कोच."

वेल्डनने नेस्टरकडे वळून झाडूचं, गुडघ्याचं, एक-दोनचं सगळं सांगितलं. पोरगं शांतपणे ऐकत होतं. त्याला नवल वाटल्यासारखं दिसेना, तेव्हा वेल्डनच्या मनात जुन्या सवयीने शंकेची पाल चुकचुकली.

"तुला हे माहीत होतं?"

"आम्हा पाचही जणांना माहीत होतं," नेस्टर म्हणाला. "सप्टेंबरपासून. आम्ही भिंतीत उभं राहून मोजतो, कोच. दोन म्हटलं की केड गेला."

"मग एकानेही मला सांगू नये?"

नेस्टरने बापाकडे पाहिलं. बाप काही मदतीला आला नाही.

"केड सांगणार होता. मीच नको म्हटलं. तुम्ही विचारलं असतंत, 'हे तुला कोणी शिकवून पाठवलं?'"

वेल्डनने हेच विचारलं असतं, अगदी याच शब्दांत.

"शुक्रवारी उतरशील?" त्याने विचारलं.

"तो उतरेल," रूबेन म्हणाला. "पण ऐका. गावभर जे झालं ते माझ्या अंगणात येऊन पुसलं जात नाही. उद्या सरावाला सगळी पोरं असतील. हे सगळं त्यांच्यासमोर बोला, नेस्टरचं नाव घेऊन."

"बोलेन."

"मी येतो ऐकायला. मागे उभा राहीन."

कशाला, असं वेल्डनच्या अगदी ओठांवर आलं होतं. पेंडीची गिरणी पाचला सुटते, सराव साडेतीनला सुरू होतो, मग हा माणूस येणार तरी कसा, आणि नेमका सरावाच्याच वेळी मैदानावर याला काय पाहायचंय?

"या," तो म्हणाला. "साडेतीनला."