आजचा पोचला

उजाडलं की तो टेंपोच्या बॉनेटवर बोटाने टिचकी मारायचा, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आभाळ नीट न्याहाळायचा आणि म्हणायचा, "पोचला, बापा. तडा नाय, टवका नाय. आभार."

आमचा हमरापूरला गणपतीचा कारखाना. मूर्ती ताब्यात घेताना गिऱ्हाईक टिचकी मारून आवाज ऐकतं, चहूबाजूंनी तडा बघतं आणि मगच "पोचला" म्हणतं. त्याशिवाय टेंपोवाला हलत नाही. आमच्या या ख्रिस्ती टेंपोवाल्याने तीच रीत देवाकडून येणाऱ्या दिवसाला लावली होती. ढगाळ सकाळी म्हणायचा, आज तोंडावर कापड टाकून पाठवलाय. मळभ गेलं की पुन्हा तपासायचा.

त्याचा टेंपो तुम्हीही पाहिला असेल. पुढे आरशाला लाकडी क्रूस, मागे हौद्यात गवतावर बसवलेले गणपती. लोक छेडायचे. तो शांतपणे सांगायचा, "मागचे माझ्या हवाली, मी पुढच्याच्या."

एकदा वडखळजवळ ऐन कोंडीत सूर्य उगवला, तर हा गाडी बंद करून खाली उतरला. मागे हॉर्नचा कल्लोळ. ट्रॅफिक पोलीस तावातावाने आला. याने त्याला काय सांगितलं कोण जाणे, थोड्या वेळाने पाहतो तर दोघेही कमरेवर हात ठेवून आभाळात तडा शोधत होते.

हे खूळ आहे असं मी त्याला तोंडावर सांगितलं होतं. तो म्हणाला, "शेठ, फुकट मिळतो म्हणून न बघता घ्यायचा काय?"

मग त्याच्या बायकोच्या पोटात गाठ निघाली. तिला रोह्याला दवाखान्यात ठेवलं, सकाळी ऑपरेशन होतं. हा वॉर्डात इतक्या येरझाऱ्या घालायला लागला की तिनेच त्याला आदल्या संध्याकाळी पिटाळलं. नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या मंडळाचा गणपती पोचवा आणि मग या, म्हणाली. पहाटे कारखान्यातून मूर्ती भरली आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला मी सोबत निघालो.

कोलाडला उजाडलं. त्याने टिचकी मारली नाही. ऊन काचेवर आलं तशी समोरची झडप खाली ओढली. कुंडलिका नदीच्या पुलाअलीकडे, रोह्याच्या बाजूला, गाडी कडेला घेतली आणि किल्ली काढून खिशात घातली.

"आजचा मी घेतला नाय, शेठ."

मला काही कळेना. मग त्याने समजावलं. माल दारात आला म्हणजे घेतला असं होत नाही. दिवस ताब्यात घेतलाच नाही तर तो सुरू होणार नाही, आणि सुरूच झाला नाही तर तिला आत नेतील कसे? मी त्याला वर आलेला सूर्य दाखवला, फर्स्ट शिफ्टची कंपनीची बस दाखवली. "त्यांनी त्यांचा घेतला असंल," तो म्हणाला. पलीकडे अष्टमीत ढोल वाजायला लागले होते. मंडळाचे फोन मला येत होते आणि आमच्याकडे अजून दिवस सुरू झालेला नाही हे त्यांना कसं सांगावं, या विचारात मी पडलो होतो. मला हसू येत होतं, पण तो किल्लीच्या खिशावर हात दाबून बसला होता.

शेवटी मी तिलाच फोन लावला. तिला आत न्यायच्या बेतात होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोन त्याच्याजवळ धरायला सांगितला.

"मी घेतला हाय," ती म्हणाली. "खाटेवर टिचकी मारून बघितला."

"नीट बघितलास गो?"

"तडा नाय. आता तुमी गणपती पोचवा."

तो खाली उतरला. बॉनेटवर टिचकी मारली, पुटपुटला आणि किल्ली लावली. ऑपरेशन नीट पार पडलं. पुढे दोघेही सकाळी टिचकी मारायला लागले, तो बॉनेटवर आणि ती चहाच्या पातेल्यावर.

गेल्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला. दफनभूमी लांब, म्हणून आम्ही त्याचाच टेंपो काढला. मूर्तीसाठी अंथरतो तसं हौद्यात गवत अंथरलं. मी चालवायला बसलो, ती शेजारी. नुकतं उजाडत होतं. किल्ली फिरवणार इतक्यात तिने माझा हात धरला, खाली उतरली, बॉनेटवर टिचकी मारली आणि बराच वेळ आभाळाकडे बघत राहिली.

"तडा हाय, बापा," ती म्हणाली. "तरी घेतला. आभार."