बाईंनी वहिनींनाच विचारलं

"दिवस कोणाला गेलेत रे, तुला का?" असं डॉ. यशोदाबाईंनी मला भरल्या दवाखान्यात विचारलं, त्या क्षणी माझं आयुष्य फिरलं. बाईंची आणि माझी ती पहिली ओळख. बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. औषधाची बाटली भरणाऱ्या रेखा सिस्टर सगळ्यांत जास्त हसल्या. त्या दिवशी मला दोन जखमा झाल्या. त्यातली एक अजून ओली आहे, पण हा लेख बाईंचा आहे.

बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात मी लिहावं ही त्यांचीच इच्छा. ग्रंथ काढणाऱ्या समितीला माझी धास्ती. कॉलेज अर्ध्यात सोडलेला, लवकर तापणारा पोरगा काय लिहील कोण जाणे! अध्यक्षसाहेबांनी बजावलं, "दुष्काळातली सेवा लिही, बाळंतपणं लिही. ते पोट पाडण्याचं तेवढं गाळ. नवा जिल्हा हाय, मोठे पाहुणे येणार हायेत." साहेब, माफ करा. ते गाळलं तर वहिनींची हकिगत जाते, आणि वहिनींशिवाय मला बाईंबद्दल लिहिता येत नाही.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी एका पुढाऱ्याला भाषणं लिहून देत होतो. हमखास टाळ्या घेणारं माझं वाक्य होतं, "जी माता गर्भ पाडते, ती मातृभूमीच्या कुशीवर घाव घालते!" तोवर एकाही गर्भार बाईशी मी त्या विषयावर बोललो नव्हतो. पुढच्या उन्हाळ्यात लोह्याजवळच्या आमच्या गावाहून गंगावहिनी माझ्याकडे लातूरला आल्या. घरी चार लेकरं, रोजगार हमीच्या कामावर दिवसभर खडी फोडणं, आणि पाचव्यांदा दिवस गेलेले. मी त्यांना बाईंकडे नेलं आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, "आमच्या घरात असलं चालत न्हाई. ताकदीचं औषध द्या." त्यावर बाईंचा तो प्रश्न.

बाईंच्या दवाखान्याचा शिरस्ता असा की सोबत नवरा असो, सासू असो की सरपंच, त्यानं बाहेर बसायचं. बाई फक्त तिलाच विचारतात. थोड्या वेळानं वहिनी बाहेर आल्या. "भावजी, मला न्हाई ठेवायचं."

"दादाची सही लागते!" मी ओरडलो. हा कायदा माझ्या डोक्यातला. बाई काही सांगायच्या आत मी एसटी गाठली. दादा नकार देणार याची मला खात्री होती. दादा टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

"ती काय म्हणते?"

"न्हाई ठेवायचं म्हणते."

"मग मला कशाला विचारून राहिला?" त्यानं कोऱ्या कागदावर अंगठा उठवला, वर सरपंचाचा गोल शिक्काही मारून आणला. "वरती काय लागंल ते लिहून घ्या म्हणावं."

दुसऱ्या दिवशी परतलो तर वहिनी खाटेवर बसून पिठलं-भाकरी खात होत्या. त्यांच्या एकटीच्या सहीवर काम झालंही होतं. बाईंनी दादाचा कागद उजेडात धरला. "अंगठा झकास उठलाय. माणूस चांगला दिसतो. पण कायद्याला हा लागत नाही बाबा."

"द्या इकडं, बाई," वहिनी म्हणाल्या. "मी ठेवते. लग्नातबी इतकं चांगलं काही दिलं न्हाई त्यांनी."

पुढे कित्येक महिने मी बाईंशी भांडायला जात राहिलो. मला रोज खोकल्याचं निमित्त का लागतं, हे रेखा सिस्टरांना कळत होतं. "बाई, जीव हाय तो!" मी म्हणायचो. बाई कधी चिडल्या नाहीत. "आहेच. म्हणून तर तिला पुन्हा पुन्हा विचारते. पण तुझ्या चार पानी भाषणात माता आहे, भूमी आहे, देवी आहे. खडी फोडणारी गंगा कुठाय?" भाषणं लिहिणं तेव्हाच सुटलं.

एकदा एक सासू सुनेला ओढत घेऊन आली. "हीबी पोरगीच व्हणार. पाडा." बाईंनी सुनेला विचारलं. तिला मूल हवं होतं. बाई सासूला म्हणाल्या, "आता बाळंतपणालाच या, डिंकाचे लाडू घेऊन." पोरगी झाली आणि सासू खरंच डबा घेऊन आली! व्यासपीठावरून बाईंना नावं ठेवणाऱ्यांनी तो लाडू खायला हवा होता. मी तीन खाल्ले.

हा लेख मी आधी वहिनींना वाचून दाखवला. नाव बदलू का, विचारलं. "का? मी काय चोरी केली? गंगाबाईच लिव्हा." रेखा सिस्टरांनीही वाचला, शुद्धलेखन सुधारलं, खोकल्याच्या ओळीत मात्र फक्त एक स्वल्पविराम घालून कागद परत दिला.

हा शेवटचा भाग समितीच्या कचेरीत बसून लिहितो आहे. समोर अध्यक्षसाहेब लाल पेन घेऊन बसलेत. म्हणतात, "स्त्रियांची सेवा, असं मोघम लिही की." साहेब, वहिनींना मोघम दिवस गेले नव्हते. छापायचं तर अख्खं छापा, नाही तर एक ओळही नको.

बाई, तुमचे गुडघे धड राहोत, चष्म्याचा नंबर थांबो, आणि आमच्यासारख्यांना बाहेर बसवायला तुम्ही शंभर वर्षं तिथं असा.

कागद टेबलावर ठेवतो, साहेबांना नमस्कार करतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.