मुकी प्रचारगाडी

पुण्यात निवडणूक डोळ्यांआधी कानांना कळते. त्यामुळे ज्या निवडणुकीत उमेदवारच आवाज बंद करत फिरत होता, ती मी जन्मात विसरणार नाही.

मी जपानात सेंदाई शहरात राहतो आणि गोठ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. कुठल्या गाईने किती दूध दिलं, कोण लंगडते, कोण रुसली, हे पडद्यावर दिसतं. त्या कामासाठी एका एप्रिलमध्ये उत्तरेच्या होक्काइदो बेटाच्या पूर्व टोकाला एका गोठेमालकांच्या घरी आठवडाभर मुक्काम पडला. त्यांच्या आजोबांनी जंगल तोडून ती जमीन वसवली होती. मालक सत्तरीचे, आणि बरीच वर्षं गावच्या कौन्सिलवर होते.

पहिल्या सकाळी मी गोठ्याच्या दाराशी बूट काढले आणि मोज्यांवर आत शिरलो. जपानात इतकी वर्षं काढली की दार दिसताच पाय आपोआप बूट सोडतात. त्यात आत गाई, म्हणजे पुणेरी रक्ताचीही हरकत नव्हती. दारातले रबरी बूट पाहुण्यांनी घालायचे असतात, बाहेरची रोगराई आत येऊ नये म्हणून, हे मला शेणात उभं राहिल्यावर कळलं.

"इंदोसान," मालक म्हणाले. माझं नाव त्या घरात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मी 'भारतराव' झालो होतो. "हे देऊळ नाही."

"माफ करा, सेन्सेई." कौन्सिलच्या सदस्यांना तसंच, म्हणजे 'गुरुजी', म्हणायची रीत आहे.

"सेन्सेई मी सभागृहात. इथे गाईंना खरं काय ते माहीत आहे."

मतदान त्याच रविवारी होतं. एरवी तिथे जागा तेवढेच उमेदवार, सगळे बिनविरोध. यंदा गावातला एक तरुण दुकानदार उभा राहिला आणि संगीत खुर्ची सुरू झाली. कोणीतरी एक पडणार होता. आणि मालकांना पडून चालणार नव्हतं. हिवाळ्यात पहाटे बर्फ हटवणारं यंत्र त्यांच्या बाजूच्या रस्त्यावर पाठवायचं बंद करावं, असं कौन्सिलमध्ये घाटत होतं. यंत्र नाही तर दुधाचा टँकर नाही, टँकर नाही तर दूध गटारात. त्या रस्त्यावर राहणारा कौन्सिलमध्ये हा एकच माणूस होता.

प्रचाराच्या गाडीत मालकीणबाई माइक घेऊन बसत. अशा बाईला तिकडे एका गाणाऱ्या पक्ष्याच्या नावाने ओळखतात. आपली कोकिळाच म्हणा. मालक पांढरे हातमोजे घालून खिडकीतून हात हलवत. मी परदेशी, बिनमताचा, म्हणून मागच्या सीटवर निरुपद्रवी. बाईंनी गोड आवाजात नवऱ्याचं नाव घेतलं, "ओनेगाई शिमास," म्हणजे कृपा असू द्या, असं म्हटलं, आणि पहिला गोठा दिसला.

"बंद कर," मालक म्हणाले.

"आत्ता तर सुरू केलं!"

"आत दूध काढतायत."

आवाजाने गाय बिचकली की पान्हा चोरते. म्हणून गोठा आला की आवाज बंद. आणि त्या मुलखात गोठ्यांशिवाय दुसरं होतं काय? मतदार सगळे गोठ्यांत, आणि आम्ही त्यांच्या दारावरून चोरासारखे निघून जात होतो.

"घरात गप्प बस म्हणतातच," बाई मागे वळून मला म्हणाल्या, "आता गाडीतही! मग मतं काय गाईंकडे मागायची?"

"गाईंना ऐकू जातं हीच तर अडचण आहे," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तरुण दुकानदाराची गाडी गर्जत आमच्या गोठ्यावरून गेली आणि पडद्यावरची दुधाची रेघ खाली कोसळली. मी आनंदाने उडीच मारली. "हे सगळ्यांना सांगा! त्याच्या आवाजाने दूध जातं!"

"कसं सांगू?" मालक शांतपणे म्हणाले. "भोंग्यावरून?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

मतमोजणी सोमवारी सकाळी झाली. मालक निवडून आले. शेवटची जागा, काठावर. शेजारचे शेतकरी अंगणात जमले. अशा वेळी तिकडे सगळे दोन्ही हात उंचावून तीनदा 'बान्झाई' ओरडतात. हात वर गेले, तोंडं उघडली, आणि मालकांनी ओठावर बोट ठेवलं. आत शेवटच्या गाईंना दूध काढायची यंत्रं लावलेली होती.

मग एवढी धिप्पाड माणसं ओठ हलवत, आवाज न करता, तीनदा हात उंचावून विजय साजरा करू लागली. गुलाल आणि ताशे पाहिलेल्या माझ्या डोळ्यांना टीव्हीचा आवाज गेल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात वळणावरून दुधाचा टँकर आला. बर्फाचं यंत्र पुढच्या हिवाळ्यात येणार की नाही, हे अजून ठरायचं होतं. पण त्यासाठी भांडणारा माणूस कौन्सिलमध्ये गेला होता. ड्रायव्हरने वर गेलेले हात पाहिले, काय झालं ते ओळखलं, आणि आनंदाने हॉर्नवर जो हात दाबला तो उचलेचना. मालक पांढरे हातमोजे नाचवत त्याच्याकडे धावले.

पडद्यावरची रेघ पुन्हा खाली आली. मालकांनी ती नंतर पाहिली. "राहू दे," म्हणाले, आणि हातमोजे काढून आत गेले.