उपटलेली तूर

माहेरी, आमच्या वळसंगच्या रानात भेसळ काढायचं काम माझं. तुरीच्या ओळीत एखादं झाड निराळं दिसलं, की फुलायच्या आत उपटायचं, नाहीतर पुढच्या सालचं बी बिघडतं. लहानपणापासून हाताला तीच सवय.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मी सोलापूरजवळच्या एका सरकारी फार्मवर खुरपायला जाऊ लागले. तिथले तरुण साहेब तुरीच्या बियांवर मुंबईहून किरण मारून आणायचे. किरणांनी म्हणे बियाचा आतला स्वभावच बदलतो. त्या बियांची झाडं वाढवून त्यांचंच बी त्यांनी पुन्हा पेरलं होतं. त्यातून बुटकी, लवकर येणारी तूर निघते का, हे त्यांना बघायचं होतं. आमच्याकडं तूर फुलते तेव्हाच जमिनीतली ओल संपते ना! त्याआधी शेंगा धरणारी तूर निघाली, तर हलक्या रानातल्या माणसाच्या घरीही डाळ शिजेल. साहेबांनी हे आम्हा बायकांना बांधावर बसवून सांगितलं होतं. "निराळं झाड दिसलं की मला हाक मारा. हात लावू नका." मी मान हलवली होती.

आणि तरी! भादव्यातली सकाळ, रान ओलं. मी आणि अक्कलकोटकडची एक अक्का माहेरच्या गोष्टी करत खुरपत होतो. समोर गुडघ्याएवढं, झुपकेदार झाड आलं आणि मी ते ओढलं. हातात आल्यावर त्याची पिवळी फुलं दिसली. बाकी सगळ्या रानात कळीसुद्धा नव्हती.

"काय केलंस गं हे!" अक्का म्हणाली. "मातीत पूर परत. आन् गप बस."

गप कशी बसू? तशीच पळत गेले. साहेब आले. त्यांनी झाड पुन्हा लावलं, पाणी घातलं, आपली छत्री त्यावर रोवली.

"तुरीला छत्री आन् सायेब उन्हात! बाळंतीण हाय की काय ती?" मुकादम हसला.

पण सोटमूळ तुटलं होतं. दोन-तीन दिवसांत झाड वाळलं.

"जाऊ द्या, बाई," साहेब म्हणाले. "अशी झाडं पुष्कळदा वांझच निघतात." खरं बोलले, की मला बरं वाटावं म्हणून, देव जाणे. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढं ते रोज ओळीन् ओळ चाळायचे. तसं झाड पुन्हा निघालं नाही, आणि सुगीनंतर त्यांची बदली झाली.

सुगीच्या आधी, त्याच सालच्या दिवाळीला मी एसटीनं माहेरी निघाले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर पिवळीधमक, आणि खाली जमिनीला भेगा. शेजारची बाई लेकराला दाखवत होती, "बघ, लई फुललीय की!" माझ्याकडं वळून म्हणाली, "व्हय ना वो?"

"व्हय," मी म्हटलं, आणि वळसंग येईपर्यंत खिडकीबाहेर बघितलं नाही.